एमजीबीच्या पोटातलं काय मूळचं आणि काय मागाहून बसवलेलं? इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल ओळखण्याबद्दल

संगमपूल

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं मनात असलेली गाडी अखेर दारात आली आहे. १९६४ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची उघड्या टपाची गाडी, उजव्या हाताचं स्टिअरिंग, तारांची चाकं. पुण्याच्या कॅम्पातल्या एका कुटुंबाकडे पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. पत्र्याच्या कामाबद्दल वेगळा धागा काढेन, इथे फक्त इंजिनापासून मागच्या चाकापर्यंतच्या भागांबद्दल विचारायचं आहे.

शासी नंबर जीएचएन३ ने सुरू होतो. इंजिनाच्या उजव्या बाजूला रिव्हेट मारलेली पट्टी आहे, तिच्यावर १८जीए-आरयू-एच आणि पुढे आकडा. आरसी बुकातही हाच नंबर आहे. म्हणजे कागदोपत्री सगळं जुळतंय. पण गाडीकडे नीट बघायला लागलो आणि तीन गोष्टी खटकल्या.

डॅशबोर्डमागे टॅकोमीटरची (इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरची) केबल नुसती लोंबकळते आहे, इंजिनाकडे कुठेच जात नाही. डॅशबोर्डवर ओव्हरड्राइव्हचा (वरच्या वेगात इंजिनाचे फेरे कमी करणाऱ्या जोड-गिअरचा) खटका आहे, पण गिअरबॉक्सला ओव्हरड्राइव्ह नाही. आणि कार्बोरेटर दोनऐवजी एकच आहे.

एक मिस्त्री म्हणाले, "हे अँबॅसेडरचं इंजिन आहे." दुसरे म्हणाले, "सगळी बी-सिरीजच, काही फरक नसतो." (बी-सिरीज म्हणजे बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं इंजिनांचं घराणं.) ज्यांच्याकडून गाडी घेतली ते काका शपथेवर सांगतात की इंजिन कधी बदललेलं नाही, आणि ते खोटं बोलतील असं मला वाटत नाही.

इंजिन खाली उतरवण्याआधी काय काय तपासावं? आणि कशावर विश्वास ठेवावा?

बिडाचा_ब्लॉक

अभिनंदन! छान गाडी आहे आणि प्रश्न योग्य वेळी विचारलात. बहुतेक जण सगळं सोडवून, धुऊन, रंग देऊन झाल्यावर विचारतात, तोवर निम्मा पुरावा रॉकेलबरोबर गटारात गेलेला असतो. त्यामुळे पहिलं काम, कुठलाही स्क्रू सैल करण्याआधी फोटो. वरून, खालून, दोन्ही बाजूंनी. दुसरं, काहीही भंगारात टाकायचं नाही, अगदी वाकडी क्लिपसुद्धा.

आधी तुमच्या पट्टीचा अर्थ लावू. १८ म्हणजे १८०० सीसी, जी म्हणजे एमजी, पुढचं अक्षर मालिकेचं. यू म्हणजे मधल्या दांड्याचा गिअरबॉक्स, त्याआधी आर असेल तर ओव्हरड्राइव्हसकट, एच म्हणजे हाय कॉम्प्रेशन. एमजीबी १९६२ च्या सप्टेंबरात आली ती १८जी इंजिन घेऊन. फेब्रुवारी १९६४ पासून १८जीए आलं, त्यात क्रँककेसमधली वाफ बंद मार्गाने परत इंजिनात घेण्याची सोय होती. ही दोन्ही तीन मेन बेअरिंगची, म्हणजे क्रँक तीन ठिकाणी टेकलेला. ऑक्टोबर १९६४ पासून १८जीबी, पाच मेन बेअरिंगचं. म्हणजे तुमची पट्टी १९६४ च्या फेब्रुवारी ते ऑक्टोबर या काळातल्या गाडीची आहे, आणि त्या गाडीला कारखान्यातूनच ओव्हरड्राइव्ह होता.

आता गंमत बघा. डॅशबोर्डवर ओव्हरड्राइव्हचा खटका आहे, म्हणजे डॅशबोर्ड पट्टीशी जुळतो. टॅकोमीटर केबलचा आहे, तोही जुळतो, कारण तीन बेअरिंगच्या इंजिनांत टॅक ब्लॉकच्या मागच्या टोकाकडून केबलने फिरायचा आणि पाच बेअरिंगचं इंजिन आलं तेव्हा तो विजेवरचा झाला. पट्टी आणि डॅशबोर्ड एका सुरात बोलतायत. वेगळं बोलतंय ते खालचं लोखंड.

त्यामुळे माझा अंदाज असा: पट्टी ह्याच गाडीची आहे, ब्लॉक दुसरा आहे. पूर्वी इंजिन बदललं की जुन्या ब्लॉकवरची पट्टी काढून नव्यावर मारायची पद्धत सर्रास होती, म्हणजे आरसी बुकाशी तंटा नको. रिव्हेट नीट बघा. कारखान्याचे रिव्हेट ठोकून बसवलेले, भरीव डोक्याचे असतात. मधे भोक असलेले ॲल्युमिनियमचे पॉप रिव्हेट दिसले तर पट्टी एकदा तरी निघाली आहे.

रिव्हेट मारलेल्या पट्टीवर निकाल द्यायचा नसतो. निकाल द्यायचा तो ओतकामावर. ते कुणी बदलू शकत नाही.

संगमपूल

काका, मनापासून आभार. रिव्हेट आत्ताच टॉर्चने बघून आलो. एक भरीव वाटतो, दुसऱ्याला मधे भोक आहे. ओतकामावर नेमकं काय शोधायचं?

बिडाचा_ब्लॉक

बी-सिरीजच्या ब्लॉकच्या अंगावर उठावदार आकड्यांत क्षमता ओतलेली असते. १५००, १६००, १६२२ किंवा १८००. साठ वर्षांचं तेल आणि माती त्यावर बसलेली असणार. खरवडायला पटाशी घेऊ नका, लाकडाची चपटी काडी, डिझेल आणि दात घासायचा जुना ब्रश पुरे. कोरडं झाल्यावर पांढरा खडू आडवा धरून हलकेच घासा. खडू फक्त उठावावर लागतो आणि आकडा लख्ख वाचता येतो. टॉर्च समोरून मारू नका, बाजूने अगदी पृष्ठभागाला टेकवून मारा. आरसा धरलात तर मान वाकडी करावी लागणार नाही.

त्यानंतर रॉकर कव्हर उघडा, दोनच नट असतात. आत हेडवर भाग क्रमांक ओतलेला असतो. सुरुवातीच्या एमजीबीच्या हेडवर १२एच९०६ मिळायला हवा. पण हेड आणि ब्लॉक वेगवेगळ्या गाड्यांचे असू शकतात, म्हणून दोन्ही वाचायचे.

एक सावधगिरी. प्लगच्या भोकातून तार घालून स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) मोजायचा आणि त्यावरून इंजिन ओळखायचं, असं कुणी सुचवेल. त्या भानगडीत पडू नका. अँबॅसेडरचं १४८९ सीसी असो, एमजीबीच्या आधीच्या एमजीएचं १५८८ किंवा १६२२ असो, नाहीतर एमजीबीचं १७९८, सगळ्यांचा स्ट्रोक ८८.९ मिलिमीटरच आहे. फरक फक्त बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या व्यासात. १४८९ चा बोअर ७३.०२५, १५८८ चा ७५.४, १६२२ चा ७६.२ आणि १७९८ चा ८०.२६.

नानापेठकर

काकांना +१. आमचं स्पेअर पार्टचं दुकान, वडिलांच्या काळापासून अँबॅसेडरचा माल ठेवतो, म्हणून थोडी भर घालतो.

हिंदुस्तान मोटर्सने अँबॅसेडर काढली ती मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३ वरून. सुरुवातीला साइड व्हॉल्व्हचं इंजिन होतं, १९५९ मध्ये १४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह बी-सिरीज आलं. तेच घराणं एमजीएला होतं, तेच पुढे वाढवून एमजीबीला. म्हणजे ही दोन इंजिनं सख्खी नसली तरी चुलत भावंडं. इंग्लंडहून पार्ट मागवणं परवान्याच्या दिवसांत जवळजवळ अशक्य होतं. एमजीचा क्रँक गेला किंवा ब्लॉकला तडा गेला की लोक सरळ उत्तरपाड्याच्या, म्हणजे हिंदुस्तान मोटर्सच्या, इंजिनाकडे वळायचे. नाना पेठेत त्याचा माल मुबलक. गाडी चालती राहिली ती त्यामुळेच, म्हणून त्या मिस्त्रींना नावं ठेवू नका.

"सगळी बी-सिरीजच" हे दुकानात रोज ऐकतो. काही बारीकसारीक माल खरोखर एकमेकांत चालतो. पण बाहेरून हुबेहूब दिसणारी वस्तू आत वेगळी असते, म्हणून पार्ट घेताना जुना हातात घेऊन या आणि काउंटरवर व्हर्नियर लावा.

अजून एक खूण. डिस्ट्रिब्युटर, डायनामो, स्टार्टर यांच्या अंगावर लुकासचा भाग क्रमांक आणि बनवल्याचा महिना-वर्ष ठोकलेलं असतं. एमजीबीला २५डी४ डिस्ट्रिब्युटर आणि सी४० डायनामो. गाडी १९६४ च्या मध्याची असेल तर त्यावरची तारीख त्याच्या थोडी आधीची हवी. लुकास-टीव्हीएस दिसलं तर तो इथे बदललेला.

लाल_टीडी

वाचनखूण साठवली! खूप दिवसांनी एवढा कामाचा धागा वाचतेय.

माझी गाडी वेगळी, एमजी टीडी, त्यामुळे तुमच्या प्रश्नाला थेट उत्तर नाही. पण टी-सिरीजवाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी लिहिते. टीसी आणि टीडीचं इंजिन एक्सपीएजी, १२५० सीसी, बोअर ६६.५ आणि स्ट्रोक ९०. ह्याचा बी-सिरीजशी काही संबंध नाही. ह्या इंजिनाची मूळ खूण त्याच्या नटबोल्टात आहे. आटे मेट्रिक आणि डोकी व्हिटवर्थ मापाची! ती डोकी मेट्रिक पान्यात नीट बसत नाहीत, आणि व्हिटवर्थचा पाना बसला म्हणून बोल्ट व्हिटवर्थचा समजून बोहरी आळीतून नवा आणलात तर आटे चालत नाहीत. इंजिन उघडल्यावर साधे मेट्रिक डोक्याचे बोल्ट दिसले तर तेवढा भाग आधी कुणीतरी उघडला आहे हे नक्की. मी प्रत्येक मूळ बोल्ट कुठून निघाला ते लिहून पिशव्यांत ठेवलेत.

संगमपूल दादा, तारांची चाकं म्हणालात. त्यावरून एक विचारते. चाकं ज्या आट्यांवर बसतात त्यांची दिशा बघितलीत का?

संगमपूल

नाही ताई. त्यात काय बघायचं?

लाल_टीडी

गाडीच्या डाव्या बाजूला उजवे आटे, म्हणजे नेहमीसारखे घड्याळाच्या दिशेने आवळणारे. उजव्या बाजूला डावे आटे, उलटे आवळणारे. लक्षात ठेवायची खूण अशी की गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं त्या दिशेने नट सैल व्हायला हवा. उलटं वाटतं खरं, पण तसंच आहे, चालताना हब नटाला आवळतच राहतो. कुणी हब अदलाबदल करून बसवले असतील तर चालता चालता चाक निघतं. मूळ काय आणि नकली काय ह्याचा विचार पुढे करा, पण ही एक गोष्ट गाडी हलवण्याआधी बघा.

बिडाचा_ब्लॉक

ताई, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. त्याला जोडून हबच्या दातांवरही बोट फिरवा. झिजलेले दात करवतीसारखे टोकदार लागतात, चांगले दात माथ्यावर सपाट असतात. टोकदार झाले असतील तर हब आणि चाक दोन्ही बदलायचे, मूळचे असले तरी.

आता एक्सल. एमजीबीला दोन प्रकारचे मागचे एक्सल आले. रोडस्टरला १९६७ पर्यंत बँजो प्रकारचा. त्याची मागची बाजू गोल, सलग, आणि गोळा (क्राऊन आणि पिनियन ही दातेरी चाकं असलेला डिफरन्शियल) पुढच्या बाजूने निघतो. दुसरा नळीचा, त्याला मागे बोल्ट मारलेलं पत्र्याचं झाकण असतं. तो बंद टपाच्या जीटीला १९६५ मध्ये आली तेव्हापासूनच होता, रोडस्टरला मार्क २ पासून, म्हणजे पुढच्या सुधारित आवृत्तीपासून. तुमच्या गाडीखाली वाका. मागे झाकण दिसलं तर एक्सल पुढच्या काळातला. गोल सलग पाठ दिसली तर प्रकार बरोबर आहे, पण तेवढ्यावर थांबू नका, कारण बीएमसीच्या इतर गाड्यांनाही बँजोच होता.

रेशो मोजा. एमजीबीचा ३.९०९, म्हणजे क्राऊनला ४३ दात आणि पिनियनला ११. एमजीए १५०० चा ४.३, सेडान गाड्यांचे चारच्या पुढेच. मोजायची पद्धत: गाडी सपाट जमिनीवर, पुढच्या चाकांना दगड, मागून उचलून दोन्ही बाजूंना घोडे लावा. नुसत्या जॅकवर खाली शिरू नका. गिअर न्यूट्रलला. एक मागचं चाक कुणीतरी घट्ट धरायचं. प्रॉपेलर शाफ्टच्या फ्लँजवर खडूची रेघ, दुसऱ्या चाकाच्या टायरवर रेघ. आता ते चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. एक चाक धरलेलं असल्यामुळे दुसऱ्याचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक. शाफ्ट चार फेऱ्यांना जरासा कमी पडला तर ३.९. चारच्या चांगला पुढे गेला तर गोळा दुसऱ्या गाडीचा.

अंदाज आणखी पक्का हवा असेल तर वीस फेरे फिरवा आणि भागाकार करा. वीस फेऱ्यांना शाफ्ट ३९ च्या जरा पुढे गेला पाहिजे. एमजीएच्या गोळ्याला तो ४३ ला जाईल. इतक्या फरकात चूक होत नाही.

गोळा पुढे कधी उघडलात तर क्राऊन आणि पिनियन दोघांवर कोरलेला जोडीचा नंबर बघा. हे दात कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. नंबर वेगळे म्हणजे जोडी फुटली आहे, मग रेशो कितीही बरोबर असो, आवाज करणारच.

हायवे_हौशी

थोडा वेगळा विचार मांडतो, राग नसावा. ही गाडी तुम्हाला चालवायची आहे ना? अँबॅसेडरचं इंजिन चांगलं असेल तर राहू दे की. पुण्यात त्याचे मिस्त्री अजून आहेत. मूळचं तीन बेअरिंगचं १८जीए शोधून, समुद्रापार मागवून, तेही किती झिजलेलं निघेल माहीत नाही. शिवाय बदलायचंच तर पाच बेअरिंगचं घ्या, जास्त टिकाऊ. मूळपणाच्या नादात अर्ध्या सोडवलेल्या गाड्या वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडलेल्या बघितल्यात, फार वाईट वाटतं.

बिडाचा_ब्लॉक

राग कसला? ताडपत्रीचं म्हणणं मला पूर्ण पटतं. पण ओळखणं आणि बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत. आत्ता ओळखायचंय. बदलायचं की नाही ते खिसा, वेळ आणि हौस बघून नंतर ठरवता येतं. ओळख आधी झाली नाही तर माणूस भलत्याच वस्तूवर पैसे घालतो. अँबॅसेडरच्या ब्लॉकला १८०० चे पिस्टन मागवून बसलेले लोक आहेत. एमजीबीचं मोठ्या व्हॉल्व्हचं हेड १५०० च्या ब्लॉकवर आहे तसंच चढवलं तर व्हॉल्व्ह ब्लॉकच्या कडेला आपटू शकतात, बोअर लहान असल्यामुळे.

पाच बेअरिंगचं इंजिन दणकट आहे, वाद नाही. पण ते आलं की केबलचा टॅक निकामी, म्हणजे डॅशबोर्डही बदलायचा किंवा टॅक आतून बदलून घ्यायचा. आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक क्रँकमधल्या ज्या बुशमध्ये बसतं त्याचं माप जुळतंय का ते आधी बघावं लागतं. मार्क २ पासूनचा चारही गिअर सिंक्रो (न खडखडता सहज पडणारे) असलेला गिअरबॉक्स तर ह्या बॉडीत बसतच नाही, त्याच्यासाठी कारखान्याने मधला बोगदाच रुंद केला होता. एक मूळ वस्तू काढली की तिच्याशी बांधलेल्या चार वस्तू हलतात.

संगमपूल, मूळ शब्दात दोन गोष्टी मिसळल्या जातात, त्या वेगळ्या ठेवा. "ह्याच गाडीचा भाग" आणि "ह्या गाडीला शोभणारा, त्याच काळातला, त्याच प्रकारचा भाग". तुमच्या गाडीचं स्वतःचं इंजिन बहुधा कायमचं गेलं. पण त्या प्रकारचं १८जीए मिळू शकतं. विकणारा ह्या दोहोंत गल्लत करतो आणि घेणारा पैसे मोजतो.

आरसी_बुक

कागदांबद्दल लिहितो, कारण पुढे तेच आडवं येतं.

गाडी कारखान्यातून काय घेऊन बाहेर पडली ह्याचा सर्वात भक्कम पुरावा इंग्लंडमध्ये आहे. गेडन इथल्या ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्टकडे एमजीच्या उत्पादनाच्या नोंदवह्या आहेत. शासी नंबर देऊन अर्ज केला की ते हेरिटेज सर्टिफिकेट देतात. त्यात साधारणपणे बांधणीची तारीख, मूळ रंग, कुठे पाठवली आणि मूळ इंजिन नंबर असतो. तो नंबर तुमच्या पट्टीशी जुळला तर बिडाचा_ब्लॉक काकांचा अंदाज सिद्ध. गिअरबॉक्स आणि एक्सलचे नंबर त्यात मिळतील अशी आशा ठेवू नका, ते गाडीच्या अंगावरूनच ओळखावे लागतात.

आपल्याकडचं: केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, शासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न झालेली वाहनं त्यात येतात. नवीन नोंदणीला व्हीए मालिका, शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरणाला ५,०००. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापराला मात्र चालत नाही.

तुमचं आरसी बुक पट्टीशी जुळतंय पण पट्टी ब्लॉकशी जुळत नाही, ही नाजूक जागा आहे. ब्लॉकवर स्वतःच नंबर ठोकून "दुरुस्त" करायला जाऊ नका, कुणी कितीही सहज सांगो. इंजिन बदलायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आधी परवानगी, मग आरसीवर नोंद. संगम पुलाच्या आरटीओ ऑफिसात जाताना फोटो, खरेदीची पावती आणि हेरिटेज सर्टिफिकेट एका फायलीत लावून न्या. जे आहे ते लपवू नका.

आणि ती पट्टी जपा. सगळ्या गाडीत इंजिनाबद्दलची तेवढीच एक अस्सल वस्तू उरली असण्याची शक्यता आहे.

मापटं

बिडाचा_ब्लॉक काका, एक शंका. माझ्याकडे एमजीए आहे, १६०० म्हणून घेतली. हेड उघडलंय, बोअर ७६.४ भरतो. मग ही मार्क २, म्हणजे १६२२ ची आहे का?

बिडाचा_ब्लॉक

नुसत्या बोअरवरून सांगता येणार नाही, आणि ह्याच ठिकाणी भलेभले फसतात. १५८८ चा मूळ बोअर ७५.४. तो चाळीस हजारांश इंच रिबोअर केला की ७६.४ होतो. १६२२ चा मूळ बोअरच ७६.२, तो बराच झिजला की तुमचं माप येतं. म्हणजे ७६.४ हे झिजलेलं १६२२ असू शकतं, तसंच मोठं रिबोअर केलेलं १५८८ ही.

दोन गोष्टी बघा. पिस्टनच्या माथ्यावर ओव्हरसाइझचा आकडा ठोकलेला असतो, ४० दिसलं तर उत्तर मिळालं. नाहीतर ब्लॉकच्या अंगावरचा ओतलेला आकडा वाचा, १६०० की १६२२. पट्टीवर १६जीए असेल तर १५८८, १६जीसी असेल तर १६२२, पण पट्टीबद्दल वर लिहिलंच आहे. मोजताना बोअर गेज वर, मधे, खाली आणि आडवा-उभा असा फिरवा. सर्वात खालचं माप, जिथे रिंगा पोचत नाहीत, ते खरं. तिथे झीज नसते.

मापटं

पिस्टनवर ४० आहे! म्हणजे १५८८. खूप खूप धन्यवाद, मी १६२२ ची गास्केट मागवायच्या बेतात होतो.

संगमपूल

सगळ्यांचे आभार. शनिवार-रविवार गाडीखालीच गेला. जे सापडलं ते लिहितो.

ब्लॉकवर खडू घासला आणि १५०० असा आकडा उठला, अगदी स्पष्ट. टॅकची केबल जोडायची जागा ब्लॉकवर नाही. म्हणजे पहिल्या मिस्त्रींचं आणि बिडाचा_ब्लॉक काकांचं बरोबर. डिस्ट्रिब्युटर लुकास-टीव्हीएस.

एक्सलची पाठ गोल, झाकण नाही. वीस फेरे फिरवले, शाफ्ट ३९ च्या थोडा पुढे जाऊन थांबला. घरातल्या सगळ्यांना मोजायला बसवलं होतं. हबचे आटे बरोबर बाजूंना आहेत. उजव्या मागच्या हबचे दात टोकदार झालेत, तो बदलतोय.

प्रॉपेलर शाफ्टला मधे कापून जोडल्याची खूण नाही. गिअरचा दांडा बोगद्याच्या भोकात बरोबर मध्यावर येतो, आजूबाजूला कापाकापी नाही. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. पण बोगद्याच्या आत दोन सुट्या तारा गुंडाळून ठेवलेल्या मिळाल्या, जुन्या कापडी वेष्टनाच्या. त्या डॅशबोर्डच्या ओव्हरड्राइव्ह खटक्यापर्यंत जातात. ह्या कशाच्या?

आणि ज्यांच्याकडून गाडी घेतली त्या काकांना पुन्हा फोन केला. त्यांना आठवलं, की त्यांच्या वडिलांनी गाडी घेतली तेव्हाच "मुंबईला काम करून आणलेली" होती. म्हणजे त्यांच्या घरात इंजिन बदललं नव्हतं हे खरंच.

बिडाचा_ब्लॉक

शाब्बास! व्यवस्थित काम केलंत.

त्या तारा ओव्हरड्राइव्हच्या सोलेनॉइडच्या असणार. तुमच्या काळच्या गाडीला लेकॉकचा डी टाइप ओव्हरड्राइव्ह होता, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरला चालायचा. त्याचा सोलेनॉइड बाजूला बाहेर दिसतो आणि त्याच्या लिव्हरने आतला व्हॉल्व्ह उघडतो. पुढे चार सिंक्रोच्या गिअरबॉक्सबरोबर आला तो एलएच टाइप, त्याला बाहेरचा लिव्हर नाही. शोधायला निघालात तर फोटोत हा लिव्हर मागा. नसेल तर तो तुमचा नाही, विकणारा काहीही म्हणो. त्या तारा कापू नका, वेष्टन ठिसूळ झालं असेल तर वरून कापडी टेप गुंडाळा.

गिअरबॉक्स एमजी घराण्यातलाच दिसतो, बिनाओव्हरड्राइव्हचा. तेव्हा ब्लॉक आणि गिअरबॉक्स दोन्ही मागाहून आले, एक्सल मूळ प्रकारचा, पट्टी आणि डॅशबोर्ड ह्याच गाडीचे. सर्टिफिकेट आलं की शिक्कामोर्तब.

१८जीए कुणी देऊ केलं तर पैसे देण्याआधी चार फोटो मागा. ब्लॉकवरचा ओतलेला १८०० आकडा, पट्टी रिव्हेटांसकट जवळून, ब्लॉकच्या मागच्या टोकाची टॅक केबलची जागा, आणि संप (खालची तेलाची टाकी) काढून खालून क्रँक, म्हणजे बेअरिंग तीन की पाच ते मोजता येतील. शेवटचा फोटो द्यायला जो कुरकुर करतो त्याच्याकडून घेऊ नका.

नानापेठकर

तोवर आहे ते इंजिन चालतं करायचं असेल तर गास्केट, रिंगा, बेअरिंग सगळं मिळेल. येताना जुन्या बेअरिंगच्या पाठीवरचा आकडा लिहून आणा.

संगमपूल

हो, ठरलं तेच. हेरिटेज सर्टिफिकेटचा अर्ज टाकतोय, ओव्हरड्राइव्हवाला गिअरबॉक्स आणि १८जीए शोधत राहीन, आणि ह्या पावसाळ्यानंतर गाडी अँबॅसेडरच्या इंजिनावर रस्त्यावर आणेन. हायवे_हौशी, तुमची ताडपत्री डोक्यात बसली आहे.

काका, रविवारी वेळ असेल तर हेड तुमच्यासमोर उघडायचं आहे.

बिडाचा_ब्लॉक

येतो. बोअर गेज मी आणतो. आदल्या दिवशी रेडिएटर आणि ब्लॉक दोन्हींचं पाणी सोडून ठेवा, ब्लॉकचा कॉक वेगळा आहे. हेडचे नट मी आल्याशिवाय हलवू नका, ते ठराविक क्रमाने थोडे थोडे सैल करायचे असतात.